पुढे चला... आजोबांना घेऊन!

वीकेण्ड जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या घरात एकच प्रश्न डोकं वर काढतो. जायचं कुठे? सोमवार ते शुक्रवार टार्गेट्स, मीटिंग्ज आणि ८.१२ची फास्ट. शनिवार झोपेत जातो. आणि रविवारी सकाळी पोह्यांची डिश हातात देत आई म्हणते, ‘सगळ्यांना कुठेतरी घेऊन चल ना!’

हे ‘कुठेतरी’ म्हणजे बहुतेक वेळा मॉल असतो. तिथे आपण खूश, बच्चेकंपनी खूश. आई-बाबा मात्र एस्कलेटरजवळच्या बाकावर पिशव्या सांभाळत बसलेले. आणि आजोबा? ते आलेलेच नसतात. ‘तुम्ही जाऊन या. मला काय करायचंय तिथे?’ हा त्यांचा ठरलेला डायलॉग. म्हणायला फॅमिली आउटिंग, पण निम्मी फॅमिली आउट!

यावर मला एक सॉलिड उपाय सापडलाय. गाड्यांची म्युझियम्स आणि जुन्या गाड्या. हसू नका! म्युझियम म्हटलं की जांभई येते हे मान्य. पण इथे मडकी आणि शिलालेख नाहीत. इथे आहेत ट्राम, बस, रेल्वे, तिकिटं, घंट्या. म्हणजे ज्यावर आपल्या घरातल्या किमान तीन पिढ्यांचं आयुष्य गेलं, ते सगळं. मुंबईकर माणूस देवळात जितका वेळ उभा राहिला नसेल तितका गाडीत उभा राहिलाय, नाही का?

गेल्या वर्षभरात अख्ख्या घराला घेऊन मी अशा तीन ट्रिप केल्या. डोंबिवलीहून सकाळी निघून रात्री घरी. त्या तीन दिवसांत जे हाती लागलं ते शेअर करतेय.

आणिक डेपोतलं घबाड

पहिली ट्रिप बेस्टच्या म्युझियमची. सायनजवळच्या आणिक डेपोत हे म्युझियम आहे, हे कितीतरी मुंबईकरांना माहीतच नसतं. बाहेरून पाहिलं तर एक साधा बस डेपो. आत मात्र ट्राम आणि बसची छोटी छोटी मॉडेल्स, जुनी तिकिटं, कंडक्टरचे पंच, विजेचे जुने मीटर... ‘बसच्या म्युझियममध्ये मीटर कशाला?’ असा प्रश्न माझ्या सहा वर्षांच्या भाच्याने विचारला. प्रश्न रास्त होता. बेस्टमधला ‘ई’ म्हणजे इलेक्ट्रिक, आणि मुंबई शहराला वीजही हीच मंडळी पुरवतात, हे आपल्यातल्या किती जणांच्या लक्षात असतं?

थोडा इतिहास सांगते, बोअर होणार नाही. मुंबईत पहिली ट्राम धावली ९ मे १८७४ ला, आणि ती ओढायला चक्क घोडे होते! विजेवरची ट्राम आली ७ मे १९०७ ला. पहिली बस १५ जुलै १९२६ ला, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. डबलडेकर बस १९३७ मध्ये. आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. खेळ खलास.

आता खरी गोष्ट. माझे आजोबा १९६३ मध्ये बेस्टमध्ये कंडक्टर म्हणून लागले. सुरुवातीचे काही महिने ट्रामवर, मग बसवर. १९९९ ला रिटायर झाले. आज ते ८४ वर्षांचे आहेत. आमच्या घरात पाहुण्यांना सांगताना ‘ते बेस्टमध्ये होते’ एवढंच म्हणायची पद्धत. कंडक्टर हा शब्द कुणी घ्यायचं नाही. बाबांच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेसोबत जो माहितीचा कागद फिरला, त्यातही ‘वडील : बेस्टमध्ये नोकरी’ असंच होतं म्हणे. आजोबांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. ते नोकरीबद्दल बोलायचेच नाहीत.

म्युझियमला यायलाही ते तयार नव्हते. ‘त्यात काय बघायचंय? मी ते रोज हातात धरलंय,’ असं म्हणाले. भाच्याने हात धरून ओढलं तेव्हा निघाले.

आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं ते गप्प होते. मग तिकिटांच्या काचेसमोर थांबले आणि भाच्याला म्हणाले, ‘बाळा, हे रंग बघ. प्रत्येक भाड्याचा रंग वेगळा. गर्दीत खाली बघायला वेळ कुठे? बोटांनाच कळायचं कुठला गठ्ठा कुठल्या खणात आहे ते. आणि हे आकडे आहेत ना, ते स्टेज. माणूस जिथून चढला तिथे भोक पाडायचं.’

‘भोक का पाडायचं, मोठे आजोबा?’

‘नाहीतर तो त्याच तिकिटावर पार दुसऱ्या टोकाला जाईल की!’

भाचा जाम खूश. आणि आजोबा सुटले. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही, त्याचा सगळा भरवसा त्या दोरीवर, म्हणजे दोरी ओढणाऱ्यावर. ‘म्हातारी उतरत असेल तर तिचे दोन्ही पाय जमिनीवर टेकल्याशिवाय मी कधी डबल बेल दिली नाही. छत्तीस वर्षांत एकदाही नाही.’ हे वाक्य त्यांनी आमच्यापैकी कुणाकडे बघून म्हटलं नाही. समोरच्या काचेकडे बघून म्हटलं.

मग ट्रामची पाळी. ट्रामचा ड्रायव्हर पाय आपटून घंटा वाजवायचा, हे त्यांनी तिथल्या तिथे करून दाखवलं. गुडघे दुखतात म्हणून मॉलला न येणारे आमचे आजोबा तिथे धाडधाड पाय आपटत होते! शेवटच्या ट्रामच्या रात्री ते ड्यूटीवर नव्हते, पण परळच्या रस्त्यावर उभे होते. दुतर्फा माणसंच माणसं. ‘लोक ट्रामला हात लावून नमस्कार करत होते. मी पण केला. माझं पहिलं पोट तिने भरलं होतं.’

शेजारी शाळेतल्या मुलामुलींचा एक ग्रुप आला होता. त्यांच्या बाई म्हणाल्या, ‘काका, थोडं मोठ्याने सांगाल का, मुलांनाही ऐकू दे.’ आणि मग वीस मिनिटं आमचे आजोबा गाइड. शेवटी एका पोराने विचारलं, ‘तुम्ही कोण होता?’

‘कंडक्टर,’ आजोबा म्हणाले. मोठ्या आवाजात.

बाबा माझ्या बाजूला उभे होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. बसने परत येताना ते आजोबांच्या शेजारी बसले आणि डोंबिवलीच्या गाडीत चढेपर्यंत एकामागून एक प्रश्न विचारत होते. साठीला आलेला मुलगा वडिलांना पहिल्यांदा विचारत होता, ‘अण्णा, तुमचा रूट कुठला होता हो?’

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट फिट बसली. राजे-रजवाड्यांच्या म्युझियममध्ये तलवार कुणाची तरी असते. इथे काचेमागे जे आहे ते आपल्याच घरातल्या माणसांच्या हातातलं आहे. आणि ते कसं वापरायचं हे खालच्या पाटीवर कधीच पूर्ण लिहिलेलं नसतं. ती पाटी आपल्या घरीच असते, गॅलरीत पेपर वाचत बसलेली.

घाटातून पुण्याला

दुसरी ट्रिप पुण्याची. कोथरूडला कर्वे रोडजवळ ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज’ आहे. भाऊ जोशी या छंदवेड्या पुणेकराने आयुष्यभर जमवलेल्या आणि बनवलेल्या छोट्या गाड्यांचं हे जग १ एप्रिल १९९८ ला सगळ्यांसाठी खुलं झालं. तारीख एप्रिल फूलची, पण प्रकरण एकदम सीरियस!

एका टेबलावर अख्खं शहर वसवलंय. रूळ, सिग्नल, पूल, बोगदे, रस्त्यावरचे दिवे. शो सुरू झाला की एकेक गाडी निघते. वाफेचं इंजिन, डोंगर चढणारी गाडी, सुसाट जाणारी बुलेट ट्रेन. मग दिवे मंद होतात, टेबलावरच्या गावात रात्र होते आणि घराघरांत दिवे लागतात. त्या क्षणी खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांच्या तोंडून एकदम ‘आहा!’ निघालं. पोरं तर काय, नाकं टेबलाला चिकटवूनच उभी.

पण माझा सल्ला विचाराल तर पुण्याला कारने जाऊ नका. ट्रेननेच जा. कारण तो रस्ता हेच एक म्युझियम आहे. कर्जतला गाडी थांबली की मागून धक्का द्यायला जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. आपण खिडकीतून बटाटेवडा घेत असतो तेव्हा मागे हे सगळं चाललेलं असतं! बोरघाटातून रेल्वे वर चढली १८६३ मध्ये. डायनामाइट नव्हतं, मशिनं नव्हती. पहारी, घमेली आणि सुरुंगाची दारू. हजारो मजूर राबले आणि कॉलऱ्याने, तापाने, अपघातांनी शेकड्यांनी मेले. सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार १८५९ मध्ये इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. तर त्याची बायको अॅलिस ट्रेडवेल परत विलायतेला पळाली नाही. तिने कंत्राट हातात घेतलं आणि इंजिनीअर नेमून काम पुढे नेलं. अॅलिसचं नाव निदान पुस्तकांत सापडतं. दगड फोडणाऱ्यांची नावं कुठल्याच पाटीवर नाहीत.

हे मी गाडीत सांगत होते तेव्हा आई एकदम म्हणाली, ‘आमच्या लेडीज डब्याचं म्युझियम कुठंय गं?’

आई तीस वर्षं डोंबिवली-सीएसटी करत होती. (त्याआधी व्हीटी, १९९६ ला सीएसटी झालं आणि २०१७ ला सीएसएमटी. आईच्या तोंडात अजून व्हीटीच आहे.) त्या डब्यात तिने भाजी निवडली, स्वेटर विणले, हळदीकुंकू केलं, डोहाळजेवणं केली. माझ्या ताईच्या वेळचं तिचं स्वतःचं डोहाळजेवण मुलुंड ते भायखळा या दरम्यान झालं! ‘चौथी सीट’ म्हणजे काय, उतरायच्या बाजूला तीन स्टेशनं आधी कसं सरकायचं, कुणाची जागा कुणी धरायची याचे अलिखित कायदे काय... यातलं काही कुठे काचेमागे ठेवलेलं नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. तिला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, एकवीस तोफांची सलामी होती, हे शाळेच्या पुस्तकात असतं. पण तीस वर्षं दाराशी लटकून घर चालवणाऱ्या बायकांना सलामी कोण देणार?

कर्जत ते लोणावळा आई बोलत होती. मी कानातले इअरफोन्स काढून पर्समध्ये टाकले ते पुणे येईपर्यंत परत घातले नाहीत.

झुकझुक, पण खरीखुरी

तिसरी ट्रिप म्हणजे जिवंत म्युझियम. नेरळ-माथेरान. १९०७ पासून चालू असलेली ही पिटुकली गाडी. रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, लांबी साधारण २१ किलोमीटर. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा घातला आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने ती उभी केली. वळणं इतकी की पुढच्या डब्यातला माणूस मागच्या डब्यातल्या माणसाला टाटा करू शकतो. वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप अशी गोड नावांची स्टेशनं. आणि एक बोगदा आहे, त्याचं नाव ‘वन किस टनेल’. म्हणजे तेवढ्याच वेळात संपणारा! नाव कळल्यावर आई-बाबा दोघंही एकाच वेळी खिडकीबाहेर बघायला लागले. आम्ही काहीही पाहिलं नाही, बरं का.

या गाडीचं नशीबही तिच्या रुळांसारखंच वळणावळणाचं. २००५ च्या प्रलयात रूळ वाहून गेले, ती २००७ मध्ये परत सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरले म्हणून पुन्हा बंद. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाट लावली आणि नेरळहून वर जाणारी गाडी थेट ऑक्टोबर २०२२ मध्ये परत धावली. दर वेळी वाटतं, आता संपली. दर वेळी ती उठते.

पण सगळ्यांचंच नशीब असं नसतं. शाळेत असताना मी ‘विक्रांत’ बघायला गेले होते. १९७१ च्या युद्धातली आपली विमानवाहू नौका. २००१ पासून ती मुंबईत म्युझियम म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद झालं, २०१४ मध्ये जहाज भंगारात गेलं. आता त्याच नावाची नवी नौका २०२२ पासून नौदलात आहे, छानच आहे. पण जिच्या डेकवर मी पोळी-भाजीचा डबा खाल्ला ती नाही. आपल्या लाडक्या जुन्या डिझेल डबलडेकरचं तेच झालं. १५ सप्टेंबर २०२३ ला शेवटची फेरी. आता एसी, विजेवरच्या डबलडेकर आहेत. मस्त आहेत, पण वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खिडकीतून तोंडावर येणारा वारा? तो गेला.

ती बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आजोबा शांतपणे बघत बसले होते, असं आई सांगते. तेव्हा घरात कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. आज असतं तर विचारलं असतं.

मग, कधी निघताय?

तर दोस्तांनो, गाड्या भंगारात जाणारच. नवीन येणारच, यायलाच हव्यात. मेट्रोच्या एसीत बसून मी काही ट्रामसाठी अश्रू ढाळणार नाही. मला घाई वेगळीच आहे. मुंबईच्या ट्रामचा एखादा रूळ अजूनही कधीतरी सापडतो. २०१७ मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ खोदताना सापडलेच होते. पण ट्रामवर तिकिटं फाडलेली माणसं खोदून सापडणार नाहीत. त्यातला सगळ्यात धाकटाही आज ऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या घरात कंडक्टर नसेल. मोटरमन असेल, गिरणीत पहिल्या पाळीला जाणारा काका असेल, एसटीने गावोगावच्या शाळा गाठणारी आत्या असेल, लेडीज डब्यातली आई तर असेलच असेल. त्यांना ‘तुमच्या वेळी कसं होतं?’ असं सोफ्यावर बसून विचारलंत तर ते ‘काही नाही रे’ म्हणतील. गाडीसमोर उभं करा. बघा कसे सुटतात!

आता थोडी प्रॅक्टिकल बडबड :

* आधी चौकशी. ही म्युझियम्स छोटी आहेत. वार आणि वेळा बदलतात. निघायच्या आधी चौकशी करूनच घराबाहेर पडा.

* आणिक डेपोला बसनेच जा. बसच्या म्युझियमला टॅक्सीने जाणं म्हणजे कमालच झाली! आजोबांना पुढची सीट मिळवून द्या.

* पुण्याला सकाळची ट्रेन पकडा, घाट उजेडात बघायला मिळायला हवा. जाताना किंवा येताना सीएसएमटीच्या इमारतीसमोर दहा मिनिटं थांबा. फ्रेडरिक स्टीव्हन्सने बांधलेली ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. रोज तिच्या पोटातून धावताना आपण मान वर करतच नाही. फाटकावरचे सिंह आणि वाघ मुलांना शोधायला सांगा.

* माथेरानला पावसाळा टाळा. त्या दिवसांत नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान शटल चालते. डोंगरावर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे चालायचे बूट हवेतच. आजी-आजोबांसाठी शटल बेस्ट.

* डबा घरचाच न्या. प्रवासात तिखट-मिठाच्या पुऱ्यांना पर्याय नाही.

* शेवटचं आणि महत्त्वाचं. मोबाइलने सेल्फी काढा, रील्स बनवा, काय हवं ते करा. पण अर्धा तास त्याचा रेकॉर्डर चालू करून खिशात ठेवा आणि आजोबांच्या बाजूने चाला. आमच्याकडे आता अशी चार तासांची रेकॉर्डिंग्ज आहेत. भाचा रोज रात्री त्यातलीच एखादी गोष्ट ऐकून झोपतो, आणि मधेच ओरडतो, ‘पुढे चला, पुढे चला!’